कॉन्व्हेंटच्या गावात घरची शाळा

नागपुरात 'कॉन्व्हेंट' या शब्दाचा अर्थ बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. कॉन्व्हेंट म्हणजे खरं तर आमच्या सिस्टर्सचा मठ. पण आपल्याकडे गल्लीतल्या दोन खोल्यांच्या इंग्रजी शाळेलाही कॉन्व्हेंटच म्हणतात. देवीच्या नावाचं कॉन्व्हेंट, महाराजांच्या नावाचं कॉन्व्हेंट, सगळं चालतं! 'पोट्ट्याले कॉन्व्हेंटात टाकलं' म्हटलं, की आईबापांनी आपलं कर्तव्य केलं असं समजायचं.

आता खरी कॉन्व्हेंटंही या शहरात कमी नाहीत. कॅथलिक धर्मप्रांताची स्थापना इथे १८८७ साली झाली. सेमिनरी हिल्सवर आपण हवा खायला जातो, त्या टेकडीला ते नावच मुळी सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे पडलं. सदरला एसएफएस, मोहननगरला सेंट जॉन्स, अजनीला माउंट कार्मेल... नागपूरच्या कित्येक पिढ्या या शाळांतून शिकून गेल्या. अशा गावात राहणारं, दर रविवारी मिस्साला जाणारं एक कॅथलिक कुटुंब, आणि त्यांची तिन्ही मुलं एकाही शाळेत जात नाहीत, हे लोकांच्या पचनी पडायला जरा वेळ लागतो. ते कुटुंब म्हणजे आम्ही. थोरली तेरा वर्षांची, मधला दहाचा, धाकटी सहाची. घरच्या शाळेचं हे चौथं वर्ष.

सुरुवात काही मोठ्या विचाराने झाली नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मधला केजीत होता. पुढची दोन वर्षं त्याची शाळा म्हणजे माझा मोबाइल. २०२२ मध्ये सगळं सुरळीत झालं तेव्हा वयाने तो दुसरीत बसत होता आणि त्याला जोडाक्षर सोडा, काना-मात्राही धड वाचता येत नव्हती. असं त्या वेळी घरोघरी होतं. शाळेत विचारायला गेले तर, 'ट्यूशन लावून टाका', एवढंच उत्तर मिळालं. मी बी.ए. झालेली बाई. घरी बसून सहा महिन्यांत वाचायला शिकवेन, एवढा भरवसा माझा मला होता. नवऱ्यालाही तो होता. म्हटलं, एक वर्ष घरीच ठेवू. तेव्हा थोरली चौथी आटोपून बसलेली. ती म्हणाली, 'मग मी का जाऊ?' तिचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं नाही. धाकटी तर तेव्हा तीन वर्षांची, ती पायात घुटमळतच होती.

एका मुलाला घरी शिकवणं वेगळं आणि तीन वयांच्या तिघांना वेगळं. पहिल्यांदा मी तिघांची तीन वेळापत्रकं करून भिंतीला लावली होती. माझी नणंद कुही तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती वेळापत्रक बघून म्हणाली, 'वहिनी, हे आठ दिवसही टिकणार नाही. आमच्याकडे या.' शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे लहान गावात एका शिक्षिकेपुढे दोन-तीन वर्ग एकाच खोलीत बसलेले असतात. शहरातल्या आयांना हे ठाऊकच नसतं, पण वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकत्र कसं शिकवायचं, याचं खरं ज्ञान खेड्यातल्या या बायांकडे आहे. नणंदेची रीत साधी. एका वेळी एकालाच तोंडी शिकवायचं. तेव्हा दुसऱ्याला लिहायचं काम, तिसऱ्याला हाताने करायचं काम. अर्ध्या तासाने पाळी बदलायची. आणि दिवसातून एक विषय असा, की तिघं एकत्र बसतील.

हा एकत्र विषय म्हणजे आमच्या शाळेचा जीव. मागच्या हिवाळ्यात आमचा पंधरा दिवस संत्रा चालला. धाकटी फोडी मोजायची. एका संत्र्यात किती, दोन्हींत मिळून किती, खाऊन झाल्यावर उरल्या किती! (हे गणित तिला फार आवडलं.) मधल्याने फोडींवरूनच अपूर्णांक केले आणि अंबिया बहार, मृग बहार यांचं कॅलेंडर काढलं. अंबियाचा संत्रा दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे मोठमोठ्या माणसांना सांगता येत नाही, ते त्याला येतं. थोरली वडिलांबरोबर पहाटे कळमन्याच्या मार्केटला जाऊन आली. शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि आमच्या चौकातल्या हातगाडीवरचा भाव यांतला फरक तिने टक्क्यांत काढला आणि नागपुरी संत्र्याला २०१४ साली जीआय मानांकन मिळालं, म्हणजे नेमकं काय मिळालं, यावर दोन पानं लिहिली. विषय एकच, पण प्रत्येकाने आपल्या उंचीप्रमाणे तोडला. अजबबंगल्यात गेलो तेव्हाही तसंच. धाकटी चित्र काढत बसली, मधला प्राण्यांच्या खालच्या पाट्या वाचत फिरला, आणि थोरलीला १८६३ सालचं हे संग्रहालय कोणी उभं केलं, का केलं, याचंच कुतूहल.

मॉन्टेसरीबाईंचं नाव आपण बालवाडीच्या पाटीवर वाचतो. मारिया मॉन्टेसरी इटलीच्या, पेशाने डॉक्टर, आमच्याच कॅथलिक पंथाच्या. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत इथेच राहिल्या. त्यांच्या वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं मुद्दाम एकत्र असायची. लहान मूल मोठ्याकडे बघून शिकतं आणि मोठं मूल लहानाला दाखवताना स्वतःचं पक्कं करतं, हा त्यामागचा विचार. आमच्या घरी हे मी रोज बघते. मधला वाचायला शिकला तो बराचसा धाकटीला गोष्ट वाचून दाखवायच्या हौसेने. माझ्यासमोर अडखळायचा, तिच्यासमोर नाही.

पण इथेच एक धोका आहे आणि तो मला माझ्या बस्तीतल्या कामामुळे आधीच ठाऊक होता. थोरली मुलगी! ती समजूतदार असते, तिला जमतं, म्हणून बघता बघता ती धाकट्यांची बाई होऊन बसते, मग आयाही. बस्तीत तर शाळा सुटायचं हे पहिलं कारण. आई कामाला जाते, तान्हं मूल कोणापाशी ठेवायचं? मोठ्या पोरीपाशी. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून नियम आहे. सकाळचे पहिले दोन तास थोरलीचे. त्या वेळात भावंडांना तिला हाक मारायची नाही आणि मीही मारायची नाही, गॅसवर दूध उतू जात असलं तरी. तिने धाकट्यांना शिकवायचं ते तिला वाटलं तर.

बस्तीचा विषय निघालाच आहे, तर जो प्रश्न मला सगळ्यांत जास्त बोचला, तो सांगते. फादर, नातेवाईक, शेजारी यांचे प्रश्न परवडले. उत्तर नागपुरातल्या एका बस्तीत मी बरीच वर्षं काम करते. शाळा सुटलेल्या मुलामुलींना पुन्हा शाळेत घालणं, दाखले काढून देणं, आधार कार्ड, बँकेचं खातं, असली कामं. एका घरी मी तिसऱ्यांदा गेले होते. बारा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून घरी. आई धुणीभांडी करते. ती मला म्हणाली, 'बाई, तुमची पोट्टे घरी ठेवता, ते चालते. आमची पोट्टी घरी राह्यली तर तुम्ही दारात येता. असं काऊन?'

मैत्रिणींनो, या प्रश्नाला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. देता येण्यासारखं होतं. 'आम्ही शिकवतो, तुम्ही भांडी घासायला लावता', असं म्हणता आलं असतं. पण ती बाई आपल्या पोरीवर कमी माया करते म्हणून पोरगी घरी नव्हती. माझ्या घरात एक कमावता माणूस आहे, पुस्तकांचं कपाट आहे, नातवंडांना उन्हातून घरात ओढून आणणारी आजी आहे आणि दिवसाचे चार तास माझ्या हातात आहेत. तिच्याकडे यातलं एकही नाही. घरी शिकवणं हे स्वस्त दिसतं, फी नाही, गणवेश नाही, रिक्षा नाही. पण त्यासाठी घरातल्या एका शिकलेल्या माणसाचा वेळ लागतो आणि ती सगळ्यांत महाग वस्तू आहे. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे बाईच असते, हेही बोलून टाकते. माझं बस्तीतलं काम त्यामुळे दुपारी दोननंतरच होतं.

कायदा काय म्हणतो, तेही तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि मुलाला शाळेत दाखल करणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलं आहे. मात्र ते न केल्याबद्दल आईवडिलांना शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्यासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न गेला होता, चर्चा बरीच झाली. अमेरिकेत पन्नासही राज्यांत मुलांना घरी शिकवता येतं, जर्मनीत येत नाही. आपण मधेच कुठेतरी आहोत. मला विचाराल तर या कायद्याने कडक असावं, पण ते त्या बारा वर्षांच्या मुलीच्या बाजूने. तिच्यासाठीच तो झाला आहे.

तिच्या आईशी पुढे बोलणं झालं ते वेगळ्याच वाटेने. मी तिला ताराबाई मोडकांची गोष्ट सांगितली. डहाणूकडच्या कोसबाडला तारबाई आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांसाठी काम करायच्या. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येणार कशी? तर या दोघींनी कुरणातच शाळा भरवली. कुरणशाळाच नाव तिचं! मूल येत नाही तर शाळेने जावं, इतका सरळ विचार. आम्ही कुरण कुठून आणणार? बस्तीतल्या समाजमंदिरात दुपारी तीन ते पाच बसायला लागलो. ती मुलगी कडेवर भावाला घेऊन यायची. भाऊ चटईवर झोपायचा, ती लिहायची. सात महिन्यांनी ती शाळेत गेली. तिच्या वयाच्याच वर्गात बसवलं, कारण कायद्यात तशी सोयच आहे. शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि मागचं भरून काढायला खास शिकवणीचाही हक्क असतो. पुष्कळ आयांना हे माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिते.

आता आमच्या फादरांचं. ते रागावले नाहीत, पण काळजीत पडले. घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, 'आपल्या इतक्या शाळा असताना?' मी तयारीत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावर एक जाहीरनामा काढला. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हणजे आईवडील, असं त्यात चर्चने स्पष्ट म्हटलं आहे. ते मी फादरांना ऐकवलं. फादर हसले आणि म्हणाले, 'त्याच कागदात पुढे वाचा. जिथे शक्य असेल तिथे मुलांना कॅथलिक शाळेत घाला, असंही लिहिलंय.' दोघांचंही बरोबर होतं! शेवटी असं ठरलं, की रविवारचं धर्मशिक्षण मात्र चर्चमध्येच, बाकीच्या मुलांबरोबर. मलाही तेच हवं होतं. मधल्याचा पहिला ख्रिस्तप्रसाद गेल्या वर्षी झाला, त्याच्या बरोबरीच्या सगळ्या मुलांच्या रांगेत. संध्याकाळची जपमाळ घरी, आणि त्यानंतर एकाने उभं राहून वाचायचं. आम्ही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' वाचतो. वसईचे दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, २०२४ मध्ये गेले. मराठी शुद्ध आणि सोपं कसं असतं, हे माझ्या मुलांनी त्या पुस्तकातून उचललं, माझ्याकडून नव्हे. मी नगरकडची, माझ्या बोलण्यात 'नाय' आणि 'व्हय' अजून आहेतच.

अमेरिकेत कॅथलिक कुटुंबांत घरी शिकवणं पुष्कळच रुजलेलं आहे. व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयल गावी सीटन होम स्टडी स्कूल आहे, तिथून अभ्यासक्रम आणि पुस्तकं घरपोच जातात. ज्यांच्या नावाने ते आहे त्या एलिझाबेथ सीटनबाई म्हणजे पाच लेकरांची आई. नवरा १८०३ साली वारला. नंतर त्या कॅथलिक झाल्या, मुलींची शाळा काढली, आणि १९७५ साली चर्चने त्यांना संतपद दिलं. तिकडची पुस्तकं एका ओळखीच्या बाईंनी मला दिली होती. बघितली, छान आहेत. पण त्यात डॉलर, बर्फ आणि बेसबॉल! आमच्या मुलांना पोळा, जून महिना आणि मेट्रो कळते. परत देऊन टाकली.

आणि हे खूळ परदेशातून आलं असं कोणी म्हटलं, तर मी पंडिता रमाबाईंचं नाव घेते. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि त्याच आईने, लक्ष्मीबाईंनी, पुढे रमाला शिकवलं. घर कुठे होतं म्हणाल तर तेही नाही. आईवडील, भाऊ श्रीनिवास, बहीण कृष्णाबाई, सगळे तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी हिंडले. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं १८७८ साली कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' म्हटलं. शाळेचा दाखला तिच्यापाशी कुठला असणार?

आपल्याकडे मात्र तो लागतो, आणि इथे हौशी आयांनी सावध असावं. मुंबईच्या मालविका जोशीची बातमी २०१६ साली सगळ्यांनी वाचली असेल. आई सुप्रिया यांनी तिला सातवीतून काढलं, घरी शिकवलं. दहावी नाही, बारावी नाही, तरी ती अमेरिकेच्या एमआयटीत गेली. कारण प्रोग्रामिंगच्या ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली होती. बारावीच नसल्याने आपल्या आयआयटीत तिला जागा नव्हती. ही बातमी मला आजपर्यंत निदान वीस जणांनी व्हॉट्सअॅपवर पाठवली. आनंदच आहे, पण माझी मुलं तशी नाहीत आणि तुमचीही बहुतेक नसतील. साध्या मुलाला साधा कागद लागतो.

तो मिळायच्या वाटा आहेत. एक तर आपला जुना १७ नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देता येते. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो थोरलीपाशी आहे, धाकटीपाशी कधीच नव्हता. दुसरी, नोएडाची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, एनआयओएस. १९८९ पासून आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, पाच विषय घ्यायचे, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि पाच वर्षांत सवडीने एकेक विषय सोडवता येतो. दहावी मराठीतूनही देता येते. तिसरं, राज्य सरकारचं मुक्त विद्यालय मंडळ, तिथे पाचवी आणि आठवीचीही सोय आहे. कोणती वाट धरायची हे चौदाव्या वर्षी ठरवू म्हणून बसू नका. जन्मदाखला, आधार आणि आधीच्या शाळेचा दाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच बघा. बस्तीतल्या मुलींचे अर्धे फॉर्म याच एका गोष्टीवर अडकतात.

थोरलीसाठी आम्ही एनआयओएसचं ठरवत होतो. तिचं म्हणणं, बारावीला सायन्स घेणार, तेव्हा प्रयोगशाळा पाहिजे, म्हणून अकरावीला कॉलेजात जाणार. ठीक आहे. रमण विज्ञान केंद्रात महिन्यातून एकदा जाऊन प्रयोगशाळेची भूक भागत नाही, हे मलाही दिसतं. मधल्याचं अजून काही म्हणणं नाही. तो सध्या आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवतो, राशिभविष्यासकट.

आणि धाकटीने गेल्या आठवड्यात जाहीर केलं, की तिला शाळेत जायचंय. का गं? तर समोरच्या घरातली मैत्रीण रोज रिक्षात बसून जाते आणि तिच्यापाशी तीन कप्प्यांचा डबा आहे. तिघंही घरीच शिकली पाहिजेत, असा काही आम्ही नवस बोललेलो नाही. नवरा म्हणाला, जाऊ दे, आवडलं नाही तर सांगेल. दोन शाळांत चौकशी करून आले आहे. वयाप्रमाणे पहिलीत घेतील. डबा तिने आताच आणायला लावलाय आणि दुपारी आमच्याच स्वयंपाकघरात, खुर्चीवर बसून, त्यातून जेवते.